पाचवा खडा

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता आठवायची म्हटली, तर समोरच्याला आधी साल सांगावं लागतं, मग कलम सांगावं लागतं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडतो. हे एक प्रकरण मात्र न बोलावता येऊन समोर बसतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. पण मला आजवर ज्या एका माणसाच्या बुद्धीला मनापासून सलाम करावासा वाटला, ते माणूस मला याच प्रकरणात भेटलं. आणि पहिल्या भेटीत मी त्या माणसाला ठाण्यातून हाकलून दिलं होतं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात, परळी आणि माजलगावच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवे फौजदारी कायदे लागू होऊन थोडेच महिने झाले होते. ठाणे अंमलदाराच्या पाठीमागे भिंतीवर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवलेला होता. कोणी फिर्याद सांगायला लागलं, की आम्ही सगळे मान वळवून त्या भिंतीकडे बघायचो. लोकांना वाटायचं, साहेब फार देवभोळे आहेत.

उसाचा हंगाम सुरू होता. निम्मी गावं तोडीला गेलेली, त्यामुळे ठाण्यात गर्दी कमी. अशा एका सकाळी पस्तिशीची एक बाई आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी. शेजारच्या गावची आशाताई. म्हणजे गरोदर बायांची, लसीकरणाची, घरोघरच्या दुखण्याखुपण्याची खबर ठेवणारी. तिने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं,

"साहेब, माझा नवरा माझा फोन ऐकतो."

आमच्या हवालदारांनी विचारलं, "ऐकतो म्हंजी? तुमी बोलत असताना बाजूला येऊन बसतो का?"

"न्हाई. त्यो ट्रॅक्टरवर असतो. बारा कोस लांब. तरी ऐकतो."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ प्रत्येक ठाण्यात एकच असतो: घरचा मामला आहे, साहेब, वेळ घालवू नका. मलाही तसंच वाटलं. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "ताई, नवरा-बायकोत लपवाछपवी कशाला पाहिजे? मी स्वतः आमच्या मंडळींचा फोन अधूनमधून बघतो. पोलिसाची सवय. त्यात काय एवढं?"

तिने माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं.

"त्यास्नी ठावं हाय का?"

"काय?"

"की तुमी बगता म्हनून."

हवालदारांना एकदम खोकला आला. मी कपाळाला आठ्या घातल्या आणि आमचं ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं, "पुरावा आणा, मग बघू." पोलिसाने असं म्हटलं, की माणसाने काय ते समजून घरी जायचं असतं. कोणी खरोखर पुरावा घेऊन परत येईल, अशी आमची अपेक्षा नसते. ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी चहा मागवला.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी साडेनऊला, ती परत आली. काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरून थेट माझ्या टेबलासमोर. या वेळी तिने पिशवीतून लसीकरणाची वही काढली, उलटी केली आणि शेवटची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली.

"तुमीच म्हनलता, पुरावा आन म्हनून."

अक्षर गोल, शाळेतल्या मुलीसारखं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'दाढ'.

तिने सांगितलं ते असं. दिवाळीच्या सुमारास तिची दाढ दुखत होती. घरात ती कोणाशी बोलली नव्हती, फक्त बहिणीला फोनवर म्हणाली होती. संध्याकाळी नवरा घरी आला तो लवंगा घेऊन. "मला लई बरं वाटलं साहेब. म्हनलं, काय माया हाय मानसाची, न सांगता कळतंय. दोन दिस मी त्याच्याकडं बगून हसत व्हते." मग आठ दिवसांनी असंच काहीतरी झालं, मग पुन्हा. मग तिचं हसू थांबलं.

दिवाळीच्या थोडे दिवस आधीच नवऱ्याने तिच्या फोनची फुटलेली काच बदलून आणली होती. काच चकचकीत झाली होती, पण फोन तापायला लागला होता आणि बॅटरी दुपारीच मान टाकत होती. तिने दोन आणि दोन चार केले. पण चार झाले म्हणून ती भांडली नाही, रडली नाही, माहेरी गेली नाही. वहीत तिने पुढच्या पानावर लिहिलं होतं, 'खडा टाकून बघायचं.'

आपण सगळेच बोलताना म्हणतो, जरा खडा टाकून बघ. या बाईने खरोखर चार खडे टाकले, आणि प्रत्येक खडा वेगळ्या विहिरीत. पहिला खडा फोनवर: बहिणीला म्हणाली, शेळी विकावी म्हणते. संध्याकाळी नवरा जेवता जेवता म्हणाला, "शेळीबिळी विकायची न्हाई हां." दुसरा खडा लेखी: बहिणीलाच मेसेज टाकला, नणंदेच्या पोराच्या जावळाला मी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "जावळाला जायाचं हाय बरं का, नाटकं नकोत." तिसरा खडा स्कूटीचा: कोणाला न सांगता ती फाट्यावर गेली आणि बंद पडलेल्या रसवंतीसमोर अर्धा तास नुसती बसून राहिली. रात्री नवऱ्याने सहज विचारलं, "फाट्यावरची रसवंती चालू झाली का गं?"

चौथा खडा हापशावर. पाणी भरताना शेजारणीला सांगितलं, पोरं-बाळं घेऊन मी वर्षभर पुण्याला मावशीकडे जाऊन राहणार आहे. एवढी मोठी बातमी. आठ दिवस गेले, नवऱ्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्या पानावर तिने लिहिलं होतं, 'फोन ऐकतो. मेसेज वाचतो. गाडी बघतो. हापशावर बहिरा.'

मी ती ओळ दोनदा वाचली. खबऱ्या दोन्ही बाजूंना खबर देतो आहे असा संशय आला, की आम्ही वेगवेगळ्या लोकांच्या कानात वेगवेगळी खोटी माहिती घालतो आणि कोणती बाहेर येते ते बघतो. हे मला खात्यात शिरल्यावर दहा वर्षांनी एका मुरलेल्या वरिष्ठाने शिकवलं होतं. ही बाई दहावी शिकलेली. तिला हे कोणी शिकवलं? मी विचारलंच.

"कोन शिकवनार? पोराला ताप कशानं आला ते बगताना आमी एकेक गोष्ट बंद करून बगतो न साहेब. तसंच."

मी तिला म्हणालो, "ताई, एवढं कळलं होतं तर सरळ फोन बदलायचा. हापशावर बोलायचं."

पहिल्या दिवशी जे सांगायला ती आली होती आणि मी ऐकून घेतलं नव्हतं, ते तिने आता सांगितलं. गावात एक सून होती. दोन मुली झालेल्या, तब्येत खालावलेली, सासूला नातू पाहिजे. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून त्या सुनेने घरी न सांगता तांबी बसवून घेतली. हे फक्त आशाताईला ठाऊक. एके दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं म्हणून तिने आशाताईला फोन केला, आणि त्या फोनमध्ये तांबीचा उल्लेख झाला. चार दिवसांत ती गोष्ट चहाच्या टपरीवर गेली. त्या सुनेला नवऱ्याने मारून माहेरी घातलं.

"आणि समद्या गावानं म्हनलं, आशाताईनं फोडलं. दुसरं कोनाला ठावंच नव्हतं न साहेब. आता मी गल्लीत शिरले की बाया दार लावून घेतात. निम्म्या बाया तोडीला गेल्यात, कर्नाटकात, कुठं कुठं. तिथं त्यास्नी कोन हाय? माझा नंबर हाय फकस्त. फडावरून फोन करायच्या, ताई असं व्हतंय, ताई तसं व्हतंय. आता कोनी करीत न्हाई. एकीचे दिस भरत आलेत, तिचाबी फोन न्हाई. तिला काय झालं तर?"

मग ती जे बोलली, ते मी नंतर माझ्या खासगी डायरीत उतरवून ठेवलं. "मी त्याची बायको हाय, मान्य. पन माज्या फोनवर बोलतात त्या बाया त्याच्या बायका हायत का?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. या वेळी खरंच देवाचा फोटो असता तर बरं झालं असतं.

"ताई, वहीतलं सगळं पटतंय. पण कोर्टात तो म्हणेल, योगायोग आहे. लवंगा आणणं गुन्हा नाही."

"म्हनून तर आज आले. साहेब, लिहून घ्या. त्यो अकरा-साडेअकराच्या आत हितं येतो. म्हनंल, बायको पळाली. म्हनंल, चौसाळ्याच्या सुंदर ड्रायव्हरसंगं गेली. म्हनंल, दिंद्रुडला हाय. संगं त्याचा दोस्त असंल, ज्यानं त्या तांबीवाल्या सुनेला मारलं त्यो."

या लिखाणात मी कोणाचंही नाव देणार नाही, पण सुंदर ड्रायव्हरचं द्यायला हरकत नाही, कारण तो कधी जन्मालाच आला नव्हता. आदल्या दिवशी बहिणीला फोन करून तिनेच त्याला जन्म दिला होता. बहिणीला सगळा बेत आधीच एका हळदीच्या कार्यक्रमात कानात सांगून ठेवला होता. सकाळी ती स्कूटी घेऊन घरातून निघाली, सिरसाळा फाट्यावर बहिणीच्या नवऱ्याला गाडी दिली आणि स्वतः जीपमध्ये बसून ठाण्यात आली. गाडी दिंद्रुडच्या स्टँडसमोर लावून तो माणूस एसटीने घरीही निघाला होता. फोन बंद करून तिने माझ्या टेबलावर ठेवला.

बाईने खडा म्हणून आपली अब्रू टाकली होती. आपल्याकडे असा शब्द एकदा सुटला, की तो खोटा होता हे सांगायला जन्म पुरत नाही. शिवाय नवरा थेट दिंद्रुडला गेला असता तर? हातात कोयता घेऊन गेला असता तर?

"न्हाई जायचा," ती म्हणाली. "त्यो एकटा कुठंच जात न्हाई. त्याला चार मानसांत दाखवायचं असतं. आदी पोलीस, मग मानसं, मग मी."

पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा किती वाचता येतो, याचा अंदाज नवऱ्यांना नसतो. मी तरीही दिंद्रुडच्या बाजूला दोन अंमलदार साध्या कपड्यांत पाठवले. मग ठाणे अंमलदाराला सांगितलं, स्टेशन डायरीला नोंद घ्या. अमुक बाई हजर, ती असं असं सांगते, तिच्या सांगण्याप्रमाणे तिचा पती येऊन अशी अशी तक्रार देईल. वेळ नऊ पंचावन्न. अंमलदार लिहिता लिहिता थांबला. "साहेब, न झालेल्या गोष्टीची नोंद?" मी म्हणालो, लिही. सही मी करतो. बाईला महिला अंमलदाराबरोबर आतल्या खोलीत बसवलं, दार नुसतं लोटलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

पावणेअकराला तो आला. धिप्पाड, पायात चिखलाचे बूट, मागे दोस्त.

"सायब, बायको पळवली माजी!"

मी पाणी दिलं, बसवलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस कमी बोलतो आणि स्वतःला खरा समजणारा फार बोलतो. हा स्वतःला शंभर टक्के खरा समजत होता. कधी निघाली, असं विचारल्यावर तो धडाधड बोलायला लागला.

"पावणेनऊला निघाली. सिरसाळा फाट्याला चार मिनिटं उभी व्हती. तिथून सुटली ती कुठं न थांबता दिंद्रुड. नऊ एक्केचाळीसला बंद झाली."

ठाणे अंमलदाराचं पेन थांबलं.

"कोण बंद झाली?" मी विचारलं.

"बायको."

त्यालाही वाक्य जरा विचित्र लागलं असावं. "म्हंजी... गाडी."

"गाडी दिंद्रुडला बंद झाली, हे इथे बसून तुम्हाला कोणी सांगितलं?"

आता एखादा गडबडला असता. याने अभिमानाने खिशातून फोन काढला. त्याची ऊस वाहतुकीची वाहनं होती, आणि सगळ्यांना जीपीएसची डबी लावलेली होती, कोणता ड्रायव्हर कुठे ढाब्यावर झोपतो ते कळावं म्हणून. त्यात गैर काही नाही. त्याने मला पडदा दाखवला. चार ओळी होत्या. मोठा ट्रॅक्टर, चालू. लहान ट्रॅक्टर, चालू. टेम्पो, उभा. आणि चौथी ओळ:

घरची. बंद. १ तास ९ मिनिटे.

मी खूप पंचनामे वाचलेत, पोस्टमॉर्टेमचे अहवाल वाचलेत. त्या चौथ्या ओळीसारखे लक्षात राहिलेले कागद फार थोडे. त्याला मात्र त्यात काहीच दिसत नव्हतं. ट्रॅक्टर, टेम्पो, बायको. रोज सकाळी तो ही यादी बघत होता.

"आणि हा सुंदर ड्रायव्हर? हे नाव कुठून कळलं?"

"तिनंच सांगितलं."

"तुम्हाला?"

"भनीला."

"तुम्ही तिथे होतात?"

"न्हाई. फोनवर सांगितलं तिनं. ऐका की तुमीच." आणि त्याने टेप लावली. माझ्या टेबलावर, त्या बाईच्या आवाजात, सुंदर ड्रायव्हरची सगळी गोष्ट वाजली. स्टेशन डायरीतली नोंद समोर उघडी होती. मी एकेका शब्दावर बोट ठेवत गेलो. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"बायकोचं बोलणं चोरून ऐकता?"

तो खरोखर चकित झाला. "चोरी कशाची सायब? बायको माजी, फोन म्या घेतलेला, गाडी माज्या नावावर. नवरा-बायकोत लपवाछपवी कशाला पायजे?"

हे वाक्य मी ओळखलं. तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसून मीच ते बोललो होतो. शब्दसुद्धा तेच. मान खाली घालून मी उगाच डायरीची पानं चाळली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि ती बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. ज्या बायकोचा ठिपका दिंद्रुडला दिसत होता, ती चार हातांवर उभी होती. तो आधी तिच्याकडे आणि मग फोनकडे बघायला लागला. त्याचा विश्वास अजून फोनवरच जास्त होता.

मला वाटलं, आता ती शिव्या देईल, रडेल. ती म्हणाली, "सुंदर कोन हाय ते मलाबी ठावं न्हाई. ते जाऊ द्या. ती तांबीची टेप हाय न तुमच्याकडं? ती लावा की."

त्याने फोन खिशात घातला.

"लावा. तुमच्या दोस्ताला ऐकू द्या. त्याच्या बायकोचं गुपित म्या फोडलं का तुमी फोडलं?"

मी टेप लावू दिली नाही. त्या बिचारीचं दुखणं पुन्हा चार पुरुषांत वाजवायची काही गरज नव्हती. पण गरज उरलीही नव्हती. दोस्त खुर्चीतून उठला आणि आशाताईच्या नवऱ्याकडे बघत म्हणाला, "तू तर म्हनलास, तुज्या बायकोनं घरी येऊन सांगितलं म्हनून." ट्रॅक्टरवाल्याने मान वर केली नाही. आशाताईने डोळ्याला पदर लावला तो तेव्हा, आधी नाही.

आता कायद्याचं. मी सरकारी वकिलांना फोन लावला, कारण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. त्यांनी समजावलं: भारतीय न्याय संहितेचं कलम अठ्ठ्याहत्तर वाचा. एखादी बाई इंटरनेट किंवा इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून जे बोलते-लिहिते, त्यावर पुरुषाने पाळत ठेवली तर तो गुन्हा. त्यात 'परका पुरुष' असं कुठे लिहिलंय का बघा. मी तक्त्यावरून पुस्तकावर गेलो, शब्द शब्द वाचला. नव्हतं लिहिलेलं. सबळ कारण दाखवता आलं तर सूट आहे, पण 'मी नवरा आहे' हे कारण तिथे दिलेलं नाही. शिवाय परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनमध्ये असलं काही घुसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात येतं. स्कूटीला डबी लावण्याचं जरा अवघड होतं. गाडी त्याच्याच नावावर, आणि त्या कलमात फोन-मेसेज स्पष्ट येतात तशी गाडी येत नाही. वकील म्हणाले, तो भाग जाच म्हणून मांडा, कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जातही येऊ द्या.

पुढे घटस्फोटाच्या एका दाव्यात चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वाचता येतं, असा वरच्या न्यायालयाचा निकाल आला. तेव्हा त्या नवऱ्याचा दोस्त नव्हे, पण गावातलेच दोघेचौघे मला रस्त्यात अडवून म्हणाले, "बगा साहेब, चालतं की." मी त्यांना सांगितलं, कोर्टाने कागद वाचायला घेणं वेगळं आणि कागद मिळवताना केलेलं कृत्य माफ होणं वेगळं. चोराने आणलेला आरसा खरा चेहरा दाखवतो म्हणून चोरी पुण्य होत नाही.

गुन्हा दाखल झाला. दोन्ही फोन पंचांसमक्ष जप्त करून, सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले. कलम जामीनपात्र, त्यामुळे तो संध्याकाळी सुटला, आणि ती पोरं घेऊन बहिणीकडे राहायला गेली. प्रकरण अजून न्यायालयात आहे, म्हणून निकालाबद्दल लिहिणं बरं नाही.

पण दोन दिवसांनी मी पंचनाम्यासाठी गावात गेलो, ते लिहायलाच हवं. आशाताई आमच्यासोबत होती. तिचा फोन मुद्देमालात गेल्याने तिने सिम काढून एका जुन्या डबड्या फोनमध्ये घातलं होतं. आम्ही गल्लीत शिरलो तर दोन दारं लागली. तिसरं लागलं नाही. त्या दारात माहेरून परत आलेली तीच सून उभी होती. खरं काय ते कळल्यावर नवऱ्याने तिला स्वतः जाऊन आणलं होतं. कोणत्या तोंडाने, ते मी विचारलं नाही. तिच्या ओठाजवळचा व्रण अजून दिसत होता. तिने आशाताईकडे बघितलं, मग पदराखालून आपला फोन काढून पुढे केला.

"ताई, माज्यात बी काय हाय का, बगता का?"

आशाताईने तो हातात घेतला, तिच्याबरोबर हापशाच्या ओट्यावर बसली. लागलेली दोन दारं उघडली. तिथून एक आली, पलीकडून दोघी आल्या. महिला अंमलदाराला मी म्हणालो, तुम्ही जा तिथे, आम्ही पुरुष इकडे थांबतो. डोस पाजायला पोरं घेऊन यावं तशा बाया फोन घेऊन येत होत्या. कोणाच्या फोनमध्ये काय सापडलं, ते मी विचारलं नाही. ते त्यांचं होतं.

मध्येच डबडा फोन वाजला. आशाताईने पडद्यावरचं नाव बघितलं आणि ती ताडकन उठली. फडावरून होता. दिवस भरत आलेली तीच बाई. आशाताई बोलत बोलत माझ्या दिशेने आली, मी तिथेच उभा आहे हे बघून थांबली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, जरा पलीकडं व्हता का?"

मी पलीकडे झालो. आयुष्यात कोणाच्या आदेशाने एवढ्या आनंदाने बाजूला झालो नसेन. एक एकटी बाई, कोणाचं पाठबळ नाही, पोलिसांनीही हाकललेली, आणि तिने वहीच्या मागच्या चार पानांवर तपास करून, आमच्याच डायरीत आमच्याच सहीने पुरावा उभा केला. आम्हाला फक्त कलम शोधायचं होतं. माझ्या बत्तीस वर्षांत असा तपास मी केला नाही, कोणी केलेला बघितलाही नाही.

घरी आलो. मंडळी गहू निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, दाढेपासून डबड्या फोनपर्यंत. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं. चौथ्या खड्यावर त्या किंचित हसल्या. सांगून झाल्यावर त्या उठल्या, चार्जिंगला लावलेला आपला फोन काढून आणला आणि माझ्यापुढे सुपाशेजारी ठेवला.

"बघा."

"काय?"

"रोज मी आंघोळीला गेले की बघता. आज समोर बघा."

किती वर्षं ठाऊक आहे, एवढंच कसंबसं विचारलं.

"पहिल्यापासून. म्हणून तर माझ्या बहिणीशी बोलायचं असलं, की मी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून बोलते."

त्या बाईने पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अखेर मिळालं होतं. त्यास्नी ठावं होतं. गुन्हेगारांच्या डोळ्यांत बघून खरं-खोटं ओळखणारा मी, माझ्याच घरात हापशावर बहिरा होतो. फोन सुपाशेजारी तसाच पडून होता. मी तो उचलला नाही, आणि त्यानंतर कधीच उचलला नाही. मग खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर गव्हातले खडे वेचायला लागलो.